फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून संशोधनात सहभाग : फोंडा तालुक्यातील एका वर्षाचा अनुभव

मी वर्षभर आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातून मधुमेहाविषयीच्या एका संशोधनात सहभागी होते. हॉटेल, दुकान, रक्त तपासणारी लॅब यांच्याबद्दल लोक आवर्जून अभिप्राय लिहितात. पण दवाखान्यातून चालणाऱ्या संशोधनाबद्दल त्यात भाग घेतलेल्या रुग्णाने लिहिलेले काही माझ्या वाचनात आले नाही. होकार देण्यापूर्वी असे काही वाचायला मिळाले असते, तर माझे बरेच प्रश्न आधीच सुटले असते, म्हणून हा सविस्तर अभिप्राय लिहीत आहे. दवाखान्याचे आणि संशोधन करणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला जे खटकले तेही पुढे मोकळेपणाने लिहायचे आहे.

संशोधनाचा प्रश्न साधा होता. दवाखान्यात नेहमी येणाऱ्या मधुमेहींना औषधोपचार चालू असतानाच प्रशिक्षित आरोग्यसेविकेने दर पंधरा दिवसांनी फोन करून आहार, चालणे आणि गोळ्यांची वेळ याबद्दल विचारपूस केली, तर वर्षाअखेर त्यांची साखर अधिक आटोक्यात राहते का, एवढेच पाहायचे होते. नवे औषध द्यायचे नव्हते. एकूण चार भेटी, प्रत्येक भेटीत वजन, रक्तदाब आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, आणि एक लांबलचक प्रश्नावली असे त्याचे स्वरूप होते. तपासण्या मोफत होत्या, येण्याजाण्याचा खर्च मिळणार होता आणि त्यापलीकडे कोणताही मोबदला नव्हता.

गोव्यात मधुमेहावर असे काम होणे किती गरजेचे आहे, हे सांगायला आकडा पुरेसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले, तर गोव्यात ते २६.४ टक्के होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. आमच्या वाड्यावर घरटी एक गोळ्यांचा डबा असतो, तेव्हा या आकड्याचे मला आश्चर्य वाटले नाही. पण त्या पाहणीने आजार किती आहे ते सांगितले. दवाखान्यात बसलेल्या माणसाने नेमके काय केले तर फरक पडतो, हे शोधायचे तर त्या दवाखान्यातच यावे लागते.

मला विचारले गेले तो प्रसंग सांगते, कारण या सेवेची खरी पारख मला तिथेच झाली. मी नेहमीप्रमाणे गोळ्या लिहून घ्यायला गेले होते. डॉक्टरांनी मला संशोधनाबद्दल थोडक्यात सांगितले आणि म्हणाले, "बाई, आतल्या खोलीत एक मुलगी बसली आहे, ती तुम्हाला सगळे समजावून सांगेल. मी तिथे येणार नाही. तुम्ही हो म्हटले काय आणि नको म्हटले काय, तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही." हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. वीस वर्षे ज्यांनी आमच्या घरातल्या लहानथोरांची दुखणी पाहिली, माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत जे रात्री अकरा वाजता घरी आले, त्यांना समोरासमोर "नको" म्हणणे मला जमले नसते. ओळखीच्या दवाखान्यात संशोधन होणे ही रुग्णाची मोठी सोय आहे, पण त्या ओळखीचेच ओझे रुग्णाच्या होकारावर येऊ शकते. हे ओळखून डॉक्टर स्वतः बाजूला झाले, याचे मोल मला फार वाटते.

आतल्या खोलीतली समन्वयक मुलगी डिचोलीकडची होती. तिने मराठीतले माहितीपत्रक माझ्या हातात दिले आणि कोकणीतून समजावले. माहितीपत्रकाची भाषा मात्र चांगली नव्हती. "आपणांस यादृच्छिकपणे दोनपैकी एका गटात नियुक्त केले जाईल" हे वाक्य मी, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलेली शिक्षिका, तीन वेळा वाचले. त्या मुलीने ते एका दमात सोपे करून सांगितले: "बाई, चिठ्ठी काढल्यासारखे. कोणत्या गटात जाल ते डॉक्टरही ठरवणार नाहीत आणि मीही नाही." जे तोंडी इतके सरळ सांगता येते ते छापताना इतके अवघड का व्हावे, असा प्रश्न मी तिथेच विचारला आणि तिने तो आपल्या वहीत लिहून घेतला. संमतीपत्रावर लगेच सही न करता ते घरी नेण्याची मुभा होती. मी चार दिवस ते घरी ठेवले, मुलाला वाचायला दिले आणि पेन्सिलने सात प्रश्न लिहून परत गेले.

त्या चार दिवसांत मी जी माहिती गोळा केली ती इतरांच्याही उपयोगी पडेल. भारतात औषधांच्या चाचण्यांची नोंद ज्या राष्ट्रीय नोंदवहीत होते ती सीटीआरआय २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून चाचणीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी तिथे नोंद करणे सक्तीचे झाले. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. आमच्यासारख्या बिनऔषधाच्या संशोधनाचीही नोंद तिथे करता येते, आणि माझ्या माहितीपत्रकावर छापलेला क्रमांक टाकताच संशोधनाचे नाव, जबाबदार व्यक्ती आणि किती रुग्ण घेणार हे सारे समोर आले. नव्या औषधाची चाचणी असेल तर २०१९ चे नियम लागू होतात. त्यांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी संशोधन करणाऱ्यांवर येते, गंभीर घटना घडल्यास संशोधक डॉक्टरांना ती २४ तासांत कळवावी लागते, आणि मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार असलाच पाहिजे आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. ही तरतूद वाचून मला धीर आला. माझ्या माहितीपत्रकावर समितीचा फोन नंबर होता, आणि पुढे मी तो वापरलाही.

सही झाल्यावर बंद पाकीट उघडले गेले आणि मी "नेहमीचा उपचार" या गटात गेले, म्हणजे मला ते पंधरा दिवसांचे फोन येणार नव्हते. मनातून थोडी हिरमुसले, हे कबूल करते. शेजारच्या वाड्यावरची माझी एक मैत्रीण दुसऱ्या गटात गेली, तिला नियमाने फोन येत आणि मी आपली छापील पत्रकाची घडी सांभाळत बसले. पण वर्षअखेरीस मला त्या पाकिटाचा अर्थ समजला. माझे एचबीएवनसी सुरुवातीला ८.४ होते ते शेवटी ७.९ वर आले, आणि तेही एकाही फोनशिवाय. कोणीतरी आपले मोजमाप करणार आहे एवढ्या जाणिवेने मी संध्याकाळचे चालणे सोडले नाही आणि दुपारच्या चहातली साखर बंद केली. माझ्यासारख्यांचा गटच नसता, तर ही सुधारणाही फोनच्याच खात्यावर जमा झाली असती. ज्यांना "साध्या" गटात पडल्याचे वाईट वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्याविना दुसऱ्या गटाच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

मोजमापाची शिस्त ही या सेवेची दुसरी जमेची बाजू. एरवी दवाखान्यात गेले की धापा टाकत खुर्चीवर बसावे आणि लगेच दंडाला पट्टा बांधला जावा, अशी आपली सवय. इथे पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायला लावत, मग तीन वेळा रक्तदाब घेत आणि प्रत्येक आकडा वेगळ्या रकान्यात लिहीत. पहिला आकडा १५२ आणि तिसरा १३८ असे माझे एकाच बैठकीत झाले. तेव्हापासून मी घरीही तसेच बसते आणि डॉक्टरांनीही आता आपल्या टेबलाशेजारी एक खुर्ची खास त्यासाठी ठेवली आहे. संशोधन संपल्यावर दवाखान्यात मागे राहिलेली ही एक खुर्ची मला फार मोलाची वाटते.

प्रश्नावलीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ती गोव्याबाहेर तयार झाली होती हे पहिल्याच पानावर कळत होते. "दिवसाला किती पोळ्या खाता?" असा प्रश्न होता. महाराष्ट्रातल्या वाचकाला पोळी म्हणजे चपाती. आमच्याकडे पोळी म्हणजे सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणारा पदेर, म्हणजे पाववाला, देतो ती कोंड्याची, भट्टीतली पोळी. माझ्या आधीच्या आजींनी "दोन" असे उत्तर दिले, त्या पदेराच्या पोळीबद्दल बोलत होत्या आणि कागदावर मात्र दोन चपात्यांची नोंद झाली असती. सुदैवाने समन्वयक गोव्याची असल्याने तिच्या ते लक्षात आले आणि तिने समासात लिहिले. उकड्या तांदळाच्या पेजेला रकानाच नव्हता. आमच्या भागात आजही कित्येक माणसे सकाळी दहा-अकराला पेज घेतात, आणि मधुमेहाच्या अभ्यासात ती "इतर" या सदरात ढकलणे मला मान्य नाही. ताटातल्या हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, किती नारळ पडतो, हाही प्रश्न कुठे नव्हता. स्थानिक दवाखान्यात येऊन संशोधन करायचे ते स्थानिक माणसाचे खरे आयुष्य नोंदले जावे म्हणूनच ना? मग प्रश्नही त्याच मातीतले हवेत. प्रश्नावली छापण्यापूर्वी इथल्या दहा रुग्णांना नुसती वाचून दाखवली असती, तरी या चुका एका दुपारी निघाल्या असत्या.

दुसरी तक्रार दवाखान्यातल्या वागण्याबद्दल आहे. डॉक्टरांनी जेवढी काळजी घेतली तेवढी बाहेरच्या बाकड्यापर्यंत पोहोचली नव्हती. कंपाउंडर रांगेतल्या लोकांना सांगत होता, "रक्त फुकट तपासतात, नाव घाला." फुकट तपासणी म्हणून नाव घालणे आणि संशोधनात समजून-उमजून भाग घेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे एकदा त्याने भरल्या दवाखान्यात "शुगरच्या स्टडीवाल्या बाई कोण?" अशी हाक मारली. कागदावर माझे नाव नव्हते, केवळ क्रमांक होता. पण त्या हाकेनंतर त्या क्रमांकाला काय अर्थ राहिला? मी समितीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, तक्रार लेखी मागितली आणि आठवड्याभरात दवाखान्यातील सर्व कर्मचाऱ्यांची बैठक झाली. नंतर हाक क्रमांकानेच येऊ लागली. चूक झाली होती, पण ती सांगण्यासाठी एक दार होते आणि ते उघडले, याची नोंद करणे मला न्यायाचे वाटते.

एक प्रसंग मात्र कायम लक्षात राहील. सत्तरीच्या घरातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका आजी सहभागी व्हायला आल्या होत्या. अशा वेळी त्रयस्थ साक्षीदार लागतो, तो संपूर्ण माहिती देताना हजर असावा लागतो आणि अंगठ्याशेजारी त्याची सही लागते. कंपाउंडर सही करायला पुढे झाला तेव्हा समन्वयकाने त्याला थांबवले, कारण तो दवाखान्याचाच माणूस. मग समोरच्या भुसारी दुकानातील काकांना बोलावण्यात आले. दुकान पोराच्या हवाली करून ते आले, अर्धा तास आजींच्या शेजारी बसले, आणि मध्येच त्यांनीच विचारले, "आवय, समजलें मगो तुका? नाका जाल्यार नाका म्हण." म्हणजे, समजले ना, नको असेल तर नको म्हण. आजी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या की रक्त चार वेळा द्यायचे असेल तर नको. त्या उठून गेल्या, डॉक्टरांनी त्यांना नेहमीच्या गोळ्या दिल्या, कोणाच्याही चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही. त्या दिवशी मला या संशोधनाविषयी जो विश्वास वाटला तो कोणत्याही छापील कागदाने वाटला नव्हता.

गैरसोयींपैकी बाकीच्या थोडक्यात सांगते. पहिल्या भेटीला अडीच तास लागले, तेही उपाशीपोटी. एवढा वेळ लागेल हे आधी सांगायला हवे होते. एकदा माझ्या रक्ताचा नमुना गोठल्यामुळे वाया गेला आणि पुन्हा यावे लागले. तिसरी भेट चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, पुढच्या आठवड्यात आली, नेवऱ्या आणि पातोळ्या असे गोड पदार्थ झाल्यावर कोणाची साखर जागेवर असणार? प्रवासखर्च तीन महिने उशिरा जमा झाला. माझ्यासारख्या निवृत्तिवेतन मिळणाऱ्या बाईचे त्यात अडले नाही, पण रोजंदारी बुडवून येणाऱ्या माणसाला तीन महिने थांबायला लावणे योग्य नाही.

गोव्याला असे संशोधन नवे नाही, म्हणून अपेक्षाही मोठ्या आहेत. पणजीत १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा आज बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चालू आहे. पण मला विशेष जवळची वाटते ती 'संगाथ' या संस्थेची 'मानस' चाचणी. नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णांना गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांनी मदत केली तर काय होते, हे तिने गोव्यातील २४ ठिकाणी तपासले. त्यांपैकी १२ सरकारी आरोग्य केंद्रे होती आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने. २०१० साली तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण सावरले होते आणि न मिळालेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. हे वाचताना मला आमचे डॉक्टर आठवले. जिथे डॉक्टर माणसाला नावागावासकट ओळखतो तिथे समुपदेशनाचे थोडे काम आधीच होत असावे, असे मला वाटते; हा माझा अंदाज आहे, पण दवाखान्यादवाखान्यांत जाऊन पाहिल्याशिवाय असा फरक कोणाला दिसलाही नसता.

माझी भाची इंग्लंडमध्ये स्विंडनला राहते. तिथे आजार छोटा असो वा मोठा, आधी नाव नोंदवलेल्या स्थानिक डॉक्टरांकडे जायचे आणि सगळी नोंद संगणकावर. त्यामुळेच २०२० साली करोनाच्या काळात 'प्रिन्सिपल' ही चाचणी स्थानिक डॉक्टरांमार्फत घरी राहणाऱ्या रुग्णांवर करता आली आणि ॲझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांचा करोनात उपयोग होत नाही हे तिथे स्पष्ट झाले. या गोळ्या त्या काळात आपल्याकडे किती घरांत घेतल्या गेल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्याकडे रुग्णाची नोंद संगणकात नसते, ती रुग्णाच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. माझे जुने रिपोर्ट शोधायला समन्वयकाला पाऊण तास लागला. आमच्या दवाखान्यांतून असे काम नियमित व्हावे असे वाटत असेल, तर आधी ती पिशवी नीट लावून द्यावी लागेल.

सर्वांत मोठी उणीव शेवटी राहिली. शेवटच्या भेटीत मला माझे रिपोर्ट मिळाले, आभाराचे पत्र मिळाले, पण संशोधनातून एकंदर काय निघाले ते कळवले नाही. पाच महिने वाट पाहून मी स्वतः विचारले, तेव्हा "विश्लेषण चालू आहे, इंग्रजीत लेख येईल" असे उत्तर मिळाले. लेख यावाच, पण ज्यांनी चार वेळा उपाशीपोटी येऊन रक्त दिले त्यांना मराठीत आणि कोकणीत एक पान पाठवणे अवघड नाही. ते आमचे देणे आहे. डॉक्टरांनाही मी हे सांगितले आणि त्यांनी ते मान्य करून संस्थेला पत्र लिहिले.

एवढे सगळे लिहूनही कोणी विचारले तर मी सांगेन की अवश्य जा; मात्र कागद घरी आणा, नोंदणी क्रमांक तपासा, समितीचा नंबर जपून ठेवा आणि निष्कर्ष कधी व कोणत्या भाषेत कळवणार ते सहीपूर्वी विचारा. मागच्या आठवड्यात त्याच दवाखान्यातून दुसऱ्या एका अभ्यासासाठी मला विचारणा झाली, या वेळी पायांच्या बधिरपणाबद्दल आहे. माहितीपत्रकातून "यादृच्छिक" गेले आहे, "चिठ्ठी काढल्याप्रमाणे" असे छापले आहे, आणि आहाराच्या पानावर पेज आणि पदेराची पोळी यांना स्वतंत्र रकाने आहेत. निष्कर्षांबद्दल मात्र त्यात अजून एक ओळही नाही. मी तेवढा प्रश्न लिहून पाठवला आहे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत संमतीपत्र सही न करता ठेवले आहे.